आणीबाणीच्या पोटातला उठाव

कल्याण जंक्शनवर ज्यांचे पोट होते त्यांना आणीबाणी १९७५ मध्ये आली असे सांगितले, तर ते अर्धेच खरे वाटेल. ८ मे १९७४ रोजी जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली देशभर रेल्वेचा संप सुरू झाला. आठ तासांचे काम, बोनस, इतर सरकारी उद्योगांतल्या कामगारांइतके वेतन, अशा मागण्या होत्या. संप जेमतेम तीन आठवडे चालला आणि मोडला गेला. हजारो कामगार तुरुंगात गेले, कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या, मोठ्या जंक्शनांच्या रेल्वे वसाहतींनी त्या दिवसांत फार सोसले. त्या वेळी वापरलेली हत्यारे होती भारत संरक्षण नियम आणि 'मिसा', म्हणजे अंतर्गत सुरक्षा कायदा. युद्धाच्या काळातले नियम शांततेत कसे वापरता आले? बांगलादेशच्या युद्धासाठी ३ डिसेंबर १९७१ रोजी लागू केलेली आणीबाणी उठवलीच नव्हती, म्हणून.

ठाणे जिल्ह्याच्या अंगाने हा इतिहास लिहायला बसले की सुरुवात इथूनच करावी लागते. माणसे विनाचौकशी उचलायची, संप मोडायचा, सभा बंद करायच्या, हे सगळे करण्याची ताकद सरकारच्या हाती १९७४ मध्येच होती आणि कल्याणने ती पाहिलेली होती. मग २५ जून १९७५ च्या रात्री दुसरी आणीबाणी कशासाठी लागली? २६ जूनच्या पहाटे सहा वाजता दिल्लीत केंद्रीय मंत्रिमंडळ जमले. राष्ट्रपतींची सही आदल्या रात्रीच झाली होती आणि मंत्र्यांना ती आता कळत होती. त्या बैठकीत स्वर्णसिंग यांनी जवळपास हाच प्रश्न विचारला: एक आणीबाणी चालू असताना दुसरी कशाला? बाकीचे गप्प राहिले. महाराष्ट्राचे यशवंतराव चव्हाणही त्या मंत्रिमंडळात होते.

त्या प्रश्नाचे उत्तर तारखांमध्ये आहे. १२ जूनला अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा यांनी राजनारायण यांच्या याचिकेवर निकाल दिला, इंदिरा गांधींची रायबरेलीची निवडणूक रद्द केली आणि त्यांना सहा वर्षे निवडणूक लढवण्यास अपात्र ठरवले. २४ जूनला सर्वोच्च न्यायालयाचे सुट्टीतले न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी सशर्त स्थगिती दिली: पंतप्रधानपदी राहता येईल, लोकसभेत बसता येईल, पण खासदार म्हणून मत देता येणार नाही. २५ जूनच्या संध्याकाळी रामलीला मैदानावर जयप्रकाश नारायण यांची सभा झाली. त्याच रात्री बारा वाजण्यापूर्वी फक्रुद्दीन अली अहमद यांनी घटनेच्या कलम ३५२ खाली 'अंतर्गत अशांतते'च्या कारणावरून उद्घोषणेवर सही केली. मंत्रिमंडळाचा निर्णय नव्हता. कामकाज नियमांतल्या बाराव्या नियमाचा आधार घेऊन पंतप्रधानांनी तो टप्पा ओलांडला आणि मान्यता नंतर घेतली. दिल्लीतल्या वर्तमानपत्रांच्या छापखान्यांची वीज त्याच रात्री तोडण्यात आली.

सत्तेवर बसलेल्या माणसानेच आपल्या सत्तेवरची बंधने तोडून टाकायची, याला राज्यशास्त्रात आता स्वतंत्र नाव आहे. ते नाव लॅटिन अमेरिकेतून आले आणि १९९२ च्या एप्रिलमध्ये पेरूच्या फुजिमोरींनी स्वतःचीच संसद बरखास्त केल्यावर जगभर रूढ झाले. प्रकार मात्र जुना आहे. फ्रान्सचा निवडून आलेला अध्यक्ष लुई नेपोलियन याने २ डिसेंबर १८५१ रोजी तेच केले. आपल्या शेजारी नेपाळात राजे महेंद्र यांनी डिसेंबर १९६० मध्ये निवडून आलेले सरकार बडतर्फ करून पंतप्रधान बी. पी. कोइरालांना तुरुंगात टाकले. फिलिपाइन्समध्ये मार्कोस यांनी सप्टेंबर १९७२ मध्ये लष्करी कायदा पुकारला, आणि तोही घटनेतल्या तरतुदीचा हवाला देऊन. मराठीत या प्रकाराला घट्ट बसलेला शब्द अजून नाही. या लेखापुरते त्याला मी सत्ताधाऱ्याचा उठाव म्हणतो.

२५ जूनची घटना या नावाखाली नोंदवायची का? यावरचे आक्षेप हलके नाहीत आणि ते नीट मांडल्याशिवाय पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. कलम ३५२ घटनेतच होते, संविधान सभेने ते डोळसपणे ठेवले होते. संसद बरखास्त झाली नाही. उलट जुलै १९७५ मध्ये ती भरली आणि लोकसभेने ३३६ विरुद्ध ५९ मतांनी उद्घोषणेला मान्यता दिली. रस्त्यावर रणगाडे नव्हते, लष्कर बराकीत होते. ज्यांच्या हाती सत्ता होती त्यांच्याच हाती ती राहिली. आणि सगळ्यांत मोठा आक्षेप म्हणजे शेवट: इंदिरा गांधींनी १९७७ मध्ये निवडणूक घेतली, त्या हरल्या आणि पायउतार झाल्या. असा शेवट फुजिमोरींचा नाही आणि मार्कोस यांचाही नाही.

हे सगळे मान्य करूनही माझे मत उठाव याच बाजूला पडते, आणि त्याचे कारण २५ जूनच्या रात्रीपेक्षा पुढच्या साडेसहा आठवड्यांतल्या कागदांत आहे. २७ जूनला राष्ट्रपतींच्या आदेशाने कलम १४, २१ आणि २२ खाली न्यायालयात दाद मागण्याचा हक्क निलंबित झाला. २९ जूनला वटहुकमाने मिसात कलम १६अ घातले गेले: अटक आणीबाणीच्या कामासाठी गरजेची आहे असे अधिकाऱ्याने जाहीर केले की अटकेचे कारण कैद्याला सांगण्याची गरज उरली नाही. ३८ व्या घटनादुरुस्तीने आणीबाणीच्या उद्घोषणेची न्यायालयीन तपासणी बंद केली. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात निवडणूक कायदा पूर्वलक्षी प्रभावाने असा बदलला की अलाहाबादच्या निकालाचा पायाच निघून गेला. मग ३९ वी घटनादुरुस्ती आली. ७ ऑगस्टला लोकसभा, ८ ला राज्यसभा, ९ ला राज्यांच्या विधानसभा, १० ला राष्ट्रपतींची सही. पंतप्रधानांच्या निवडणुकीचा वाद न्यायालयांच्या कक्षेबाहेर नेणारी ही दुरुस्ती चार दिवसांत पुरी झाली, कारण ११ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयात त्याच निवडणुकीच्या अपिलाची सुनावणी होती. ९ ऑगस्टला राज्यसभेने आणखी एक विधेयक संमत केले होते: पंतप्रधानपद भूषवलेल्या व्यक्तीवर कधीही फौजदारी खटला चालू नये. ते लोकसभेत आलेच नाही आणि कायदा झाले नाही. पण राज्यसभेच्या दप्तरात ते आहे, आणि देशाच्या सुरक्षेशी त्याचा संबंध काय हे कोणालाही समाधानकारकपणे सांगता आलेले नाही.

म्हणून नोंद करताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात असे मला वाटते. आणीबाणी हे एकवीस महिन्यांच्या काळाचे नाव आहे आणि ते तसेच राहू द्यावे. त्या काळात सेन्सॉर होता, नसबंदी होती, झोपडपट्ट्यांवर फिरलेले बुलडोझर होते, आणि लोकल वेळेवर धावल्याचा अनुभवही होता. डोंबिवलीच्या चाकरमान्याला तो अनुभव खरोखर मोलाचा वाटत होता, आणि तो नोंदीतून वगळण्याचे कारण नाही. सत्ताधाऱ्याचा उठाव ही मात्र त्या काळाच्या पोटातली नेमकी, तारखा असलेली घटना आहे: २५ जून ते १० ऑगस्ट १९७५. दोन्ही गोष्टी एकाच शब्दात कोंबल्या की लोकलच्या वेळापत्रकाने घटनादुरुस्तीचे समर्थन करता येते आणि दिल्लीतल्या तुर्कमान गेटच्या पाडापाडीच्या आठवणीत ३९ वी दुरुस्ती हरवून जाते. गेली पन्नास वर्षे आपल्या वादांत हेच होत आले आहे.

दिल्लीतली ती घटना ठाण्यात पोहोचली जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीने. त्या वेळचा ठाणे जिल्हा कल्याण-मुरबाडपासून डहाणू-तलासरीपर्यंत पसरलेला होता. पालघर वेगळा झाला तो २०१४ मध्ये. ठाण्याचे पोलीस आयुक्तालय तेव्हा नव्हते. मुंबईत मिसाखाली अटकेचा आदेश पोलीस आयुक्त काढू शकत. ठाण्यात ते काम जिल्हादंडाधिकारी या नात्याने जिल्हाधिकाऱ्यांचे होते. आदेश निघायचा, १६अ खालचे जाहीरपत्र जोडले जायचे, राज्य सरकारची मान्यता यायची, दर चार महिन्यांनी फेरविचार झाल्याची नोंद व्हायची. कारण मात्र कैद्याला कळायचे नाही. पुढे तर अटकेची कारणे हे राज्याचे गुपित ठरवून ती न्यायालयालाही दाखवू नयेत अशी तरतूद झाली.

भारत संरक्षण नियमांखालची अटक वेगळी होती, आणि नोंदीच्या दृष्टीने हा फरक फार महत्त्वाचा आहे. त्यात माणसाला दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागे, गुन्हा काय ते लिहावे लागे. १४ नोव्हेंबर १९७५ पासून १९७६ च्या जानेवारीपर्यंत विरोधकांच्या लोकसंघर्ष समितीने देशभर सत्याग्रह केला. त्यात उतरलेल्यांपैकी बरेच जण याच नियमांखाली गेले. चौकात घोषणा दिल्या, पत्रके वाटली, एवढाच त्यांचा गुन्हा. आणीबाणीची पुढे चौकशी करणाऱ्या शाह आयोगाच्या अहवालानुसार महाराष्ट्रात मिसाखाली ५,४७३ आणि भारत संरक्षण नियमांखाली ९,७९९ जणांना अटक झाली. देशाचे आकडे अनुक्रमे ३४,९८८ आणि ७५,८१८ आहेत. म्हणजे मिसाच्या कैद्यांत जवळजवळ दर सहावा माणूस महाराष्ट्रातला होता. नाशिक रोड आणि येरवड्याच्या बराकींत समाजवादी, संघाचे स्वयंसेवक, जनसंघवाले, मार्क्सवादी, संघटना काँग्रेसवाले असे सगळे एकत्र आले. त्याआधी ते एकमेकांशी बोलतही नसत. ४ जुलैला सव्वीस संघटनांवर बंदी आली, त्यात राष्ट्रीय स्वयंसेवक संघ होता. डोंबिवली-कल्याण हे संघाच्या कामाचे जुने आगर. त्यामुळे बंदीचा अर्थ तिथे दिल्लीच्या बातमीपुरता राहिला नाही, तो गल्लीगल्लीत जाणवला.

याच काळात सरकारने आपल्या कृतीला आपले नाव दिले. पवनारला विनोबांचे मौन चालू होते. त्यांनी लिहून दाखवलेले 'अनुशासनपर्व' हे दोन पदांचे उत्तर सरकारने उचलले आणि ते सगळीकडे झळकले. डिसेंबर १९७५ मध्ये मौन संपल्यावर अनुशासन हे आचार्यांचे असते, सत्तेचे ते शासन, असा खुलासा विनोबांनी केला. तो खुलासा भिंतींवर झळकला नाही. पुढच्या वर्षी गोहत्याबंदीसाठी उपवासाचा त्यांचा संकल्प छापला म्हणून पवनारच्या 'मैत्री' मासिकाच्या प्रती पोलिसांनी जप्त केल्या. ज्यांच्या नावावर आणीबाणीचे सर्वांत प्रतिष्ठित नाव चालले, त्यांच्याच आश्रमाचे मासिक सेन्सॉरच्या तावडीत सापडले, ही नोंद अनुशासनपर्वाच्या नोंदीशेजारीच ठेवायला हवी.

सगळा महाराष्ट्र विरोधात होता असेही नव्हे. मुख्यमंत्री शंकरराव चव्हाण यांचे सरकार दिल्लीच्या पाठीशी उभे होते. शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांनी आणीबाणीला पाठिंबा दिला. ज्या ठाण्याच्या नगरपालिकेने १९६७ मध्ये शिवसेनेला पहिला मोठा विजय दिला, त्या शहरात या पाठिंब्याला वजन होते. डांगे यांचा भारतीय कम्युनिस्ट पक्षही सरकारच्या बाजूने होता. सक्तीच्या नसबंदीचा कायदा करायला निघालेले पहिले राज्यही महाराष्ट्रच. १९७६ मध्ये विधिमंडळाने ते विधेयक संमत केले, राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते थांबले. उठाव दिल्लीत झाला असला तरी त्याला राज्याराज्यांत हात मिळाले होते, आणि ते हात नोंदीतून पुसणे बरोबर नाही.

दुसरीकडे डिसेंबर १९७५ मध्ये कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवत यांनी केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष असलेल्या मंडपात जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करण्याचे आवाहन केले. पुढे त्यांना अटक झाली. मुंबई उच्च न्यायालयाने या काळात जे केले ते मात्र पुरेसे सांगितले जात नाही. ऑक्टोबर १९७५ मध्ये मुंबईच्या जिना हॉलमध्ये वकिलांची एक खासगी सभा ठरली होती. विषय होता नागरी स्वातंत्र्य आणि कायद्याचे राज्य. बोलणार होते एम. सी. छागला आणि माजी सरन्यायाधीश जे. सी. शाह. पोलीस आयुक्तांनी परवानगी नाकारली. न. प. नाथवानी न्यायालयात गेले आणि उच्च न्यायालयाने बंदी बेकायदा ठरवली. फेब्रुवारी १९७६ मध्ये त्याच न्यायालयाने मिनू मसानी यांच्या 'फ्रीडम फर्स्ट'वरची सेन्सॉरची कात्री रद्द केली आणि सरकारशी असहमत होण्याचा हक्क आणीबाणीतही शिल्लक असल्याचे ठणकावून सांगितले. हे निकाल छापायलाही तेव्हा अडचण होती.

सर्वोच्च न्यायालयात चित्र वेगळे होते. ७ नोव्हेंबर १९७५ ला त्याने ३९ व्या दुरुस्तीतले पंतप्रधानांना न्यायालयापलीकडे नेणारे कलम रद्द केले, पण बदललेल्या निवडणूक कायद्याच्या आधारे इंदिरा गांधींची निवड कायम ठेवली. म्हणजे उठावाचा एक कागद फाडला गेला आणि उठावाचे फळ तसेच राहिले. २८ एप्रिल १९७६ च्या जबलपूर खटल्यात चार विरुद्ध एक अशा बहुमताने ठरले की आणीबाणीत अटकेविरुद्ध दाद मागायला न्यायालयात येताच येत नाही. नऊ उच्च न्यायालयांनी कैद्यांच्या बाजूने घेतलेली भूमिका एका निकालाने पुसली गेली. बहुमतात महाराष्ट्राचे यशवंत विष्णू चंद्रचूड होते. एकटे हंसराज खन्ना विरोधात गेले आणि सरन्यायाधीशपदाला मुकले. कैद्यांना मिळणाऱ्या वागणुकीविषयी मुंबई उच्च न्यायालयाने दिलेला दिलासाही सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९७७ मध्ये काढून घेतला. तोवर निवडणूक जाहीर झाली होती आणि तुरुंगांची दारे उघडू लागली होती.

मार्च १९७७ मध्ये ठाणे जिल्ह्याने दिलेले उत्तर विलक्षण होते. ठाण्यातून जनता पक्षाचे रामभाऊ म्हाळगी निवडून आले. ते मूळचे जनसंघाचे आणि येरवड्यात स्थानबद्ध राहिलेले आमदार. डहाणूतून निवडून आले मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे लहानू कोम, वारली भागातल्या लाल बावट्याच्या चळवळीतले. एकाच जिल्ह्याच्या दोन टोकांनी विचारांची दोन टोके निवडली, आणि दोघांचा प्रतिस्पर्धी एकच होता. मुंबईच्या सहाही जागा काँग्रेसने गमावल्या. कुलाबा दि. बा. पाटलांकडे गेला, राजापूर मधू दंडवत्यांकडे. डहाणूपासून राजापूरपर्यंतच्या किनाऱ्यावर काँग्रेसचा एकही खासदार उरला नाही. राज्यातल्या ४८ जागांपैकी काँग्रेसने २० राखल्या, म्हणजे घाटावरचा कौल इतका एकतर्फी नव्हता. उत्तर भारतात ही लाट नसबंदीमुळे आली असे सांगतात. कोकणपट्टीत तुरुंग, कामगार आणि लोकलचे डबे यांचा वाटा मला मोठा वाटतो, पण याची नीट तपासणी कोणी केलेली माझ्या वाचनात नाही.

म्हाळगींविषयी एक गोष्ट या विषयात सांगायलाच हवी. लोकप्रतिनिधी म्हणून वर्षभरात काय केले याचा छापील अहवाल ते मतदारांपुढे ठेवत. आमदार असताना सुरू केलेला हा प्रघात त्यांनी ठाण्याचे खासदार झाल्यावरही पाळला. सत्तेतल्या माणसाने स्वतःचे दप्तर स्वतःहून उघडे करायचे, ही सवय त्या काळात दुर्मीळ होती, आजही आहे. १९८२ मध्ये ते गेले. ठाणे जिल्ह्यातच उत्तनला त्यांच्या नावाची प्रबोधिनी उभी राहिली.

देशाच्या पातळीवर दप्तर उघडण्याचे काम शाह आयोगाने केले. मे १९७७ मध्ये आयोग नेमला गेला आणि अध्यक्ष होते तेच जे. सी. शाह, ज्यांना जिना हॉलमध्ये बोलू दिले नव्हते. याच कारणाने आयोगाला पक्षपाती म्हणता येईल, आणि म्हटलेही गेले. पण आयोगाने काम केले ते कागदांवर. राज्यपालांनी राष्ट्रपतींना आणि राज्यांच्या मुख्य सचिवांनी गृहखात्याला पाठवलेले पाक्षिक अहवाल मागवले: जून १९७५ मध्ये कायदा-सुव्यवस्था हाताबाहेर गेल्याचे त्यांत कुठेच दिसेना. गुप्तवार्ता विभागाने तसा अहवाल दिला नव्हता, गृहसचिवांना आधी माहिती नव्हती. अटकेच्या याद्यांचे काम रामलीला मैदानावरच्या सभेआधीच सुरू झाले होते. त्यामुळे जयप्रकाशांच्या भाषणामुळे आणीबाणी लावावी लागली हे कारण टिकले नाही. न्यायालयाच्या निकालातून स्वतःला वाचवण्यासाठी एका व्यक्तीने घेतलेला निर्णय, असा आयोगाच्या निष्कर्षाचा गाभा आहे. इंदिरा गांधी जानेवारी १९७८ मध्ये आयोगापुढे आल्या, पण त्यांनी शपथ घेऊन साक्ष देण्यास नकार दिला. तीन अहवाल १९७८ मध्ये आले. १९८० मध्ये सत्ता बदलली आणि या अहवालाच्या प्रती मिळेनाशा झाल्या. तमिळनाडूचे माजी खासदार इरा सेळियन यांनी २०१० मध्ये तो पुन्हा छापला नसता तर मूळ अहवाल पाहायला मिळणे मुश्कील होते.

संसदेनेही एक नोंद केली, आणि ती मला आयोगाइतकीच वजनदार वाटते. ४४ व्या घटनादुरुस्तीने 'अंतर्गत अशांतता' हे कारण काढून 'सशस्त्र बंड' घातले, मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवल्याशिवाय राष्ट्रपतींनी उद्घोषणा करू नये असे घटनेतच लिहिले, आणि जीविताचा हक्क कोणत्याही आणीबाणीत निलंबित होणार नाही असे ठरवले. नेमक्या ज्या वाटांनी २५ जूनच्या रात्री जाता आले, त्या एकेक करून बुजवल्या. घटनेत आज जे लिहिलेले आहे त्यावरून त्या रात्री काय झाले ते वाचता येते.

जिल्ह्याच्या पातळीवर मात्र नाव सरकारबरोबर बदलत राहिले. २०१८ मध्ये राज्य सरकारने आणीबाणीत तुरुंगवास भोगलेल्यांसाठी मानधन सुरू केले: महिन्याहून अधिक काळ आत असलेल्यांना दरमहा १०,००० रुपये, त्याहून कमी असलेल्यांना ५,०००. २०२० मध्ये पुढच्या सरकारने ते बंद केले, २०२२ मध्ये त्यानंतरच्या सरकारने पुन्हा सुरू केले. जुलै २०२४ मध्ये केंद्राने २५ जून हा 'संविधान हत्या दिवस' म्हणून जाहीर केला. एका सरकारचा लोकशाहीचा सेनानी दुसऱ्या सरकारच्या दप्तरात नुसता अर्जदार होतो, आणि त्याने १९७५ मध्ये काय केले यात तिळमात्र बदल झालेला नसतो. या मानधनाचे अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयातच जातात. ज्या कार्यालयाने अटकेचे आदेश काढले तेच आता अटक झाली होती का हे तपासते. त्या तपासणीसाठी तुरुंगाच्या नोंदवह्या लागतात.

ठाण्यात अशा नोंदवह्यांना फार जुनी परंपरा आहे. ठाण्याच्या किल्ल्यात एकोणिसाव्या शतकात तुरुंग झाला, आणि १९ एप्रिल १९१० रोजी क्रांतिकारक अनंत कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना तिथे फाशी झाली. त्यांच्याविषयी आज जे ठामपणे सांगता येते त्यातले पुष्कळसे त्या वेळच्या सरकारने स्वतःच्या सोयीसाठी ठेवलेल्या कागदांतून आले. १९७५ च्या कैद्यांना तेवढाही आधार मिळू नये हे मला सहन होत नाही.

कोणाच्या आठवणी लिहिल्या गेल्या आणि कोणाच्या नाही, हेही पाहायला हवे. संघाच्या आणि समाजवादी कार्यकर्त्यांनी आपापला तुरुंगवास लिहून ठेवला, ग्रंथालयांत ती पुस्तके मिळतात. १९७४ मध्ये नोकरी गेलेला आणि १९७५ मध्ये तोंड उघडण्याची हिंमत न उरलेला रेल्वे कामगार, मार्क्सवादी पक्षासाठी उभा राहिलेला तलासरीचा आदिवासी, नसबंदीचे लक्ष्य पुरे करता करता वर्गात मुलांसमोर उभे राहायला लाजलेला प्राथमिक शिक्षक, यांचे कोणी लिहिले नाही. गैरसोयीचे कागदही ठेवायला हवेत. येरवड्यातून सरसंघचालक बाळासाहेब देवरसांनी इंदिरा गांधींना लिहिलेली २२ ऑगस्ट आणि १० नोव्हेंबर १९७५ ची पत्रे उपलब्ध आहेत, त्यांचा अर्थ काय लावायचा यावर वाद आहे. तो वाद पत्रे समोर ठेवून व्हावा. काँग्रेसच्या बाजूने तेव्हा मनापासून उभ्या राहिलेल्या ठाणेकरांचेही म्हणणे लिहून घ्यायला हवे, त्यांना तो उठाव वाटला नव्हता आणि का वाटला नव्हता, हे त्यांच्याच शब्दांत.

महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम २००५ मध्ये झाला. त्याखाली ठाणे जिल्ह्यापुरते चार प्रकारचे कागद शोधून, सूची करून अभ्यासकांना खुले करणे शक्य आहे: जिल्हादंडाधिकाऱ्यांचे मिसाखालचे आदेश आणि त्यांना जोडलेली जाहीरपत्रे, दर चार महिन्यांच्या फेरविचाराच्या नोंदी, ठाणे कारागृहाच्या १९७५ ते १९७७ च्या नोंदवह्या, आणि ठाणे-कल्याणच्या दंडाधिकारी न्यायालयांतले भारत संरक्षण नियमांखालचे खटले. कैद्यांची नावे जाहीर करायची की नाही हे त्यांच्या कुटुंबांना विचारून ठरवता येईल. या कागदांवर शीर्षक देताना काळासाठी 'आणीबाणी' लिहावे आणि २५ जून ते १० ऑगस्ट १९७५ या दिवसांच्या फायलींवर 'सत्ताधाऱ्याचा उठाव' अशी वेगळी खूण करावी, असे माझे मत आहे. आक्षेपांची एक फाइल तिच्या शेजारी असावी. सत्याग्रहात जे वीस-बावीस वर्षांचे होते ते आज सत्तरीपार आहेत. तोंडी साक्षींचे काम कागदांच्या आधी सुरू करावे लागेल.